हाताने फेकलेल्या ग्लायडरचा सुटतानाचा वेग : दोन मोजमापांचा मेळ बसत नाही

जांभा

नमस्कार. गेले वर्षभर मी रत्नागिरीजवळच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) थाळीफेक पद्धतीने सोडायचे ग्लायडर उडवत आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंखाच्या एका टोकाला बसवलेली छोटी खुंटी बोटांत अडकवायची, थाळीफेकपटूप्रमाणे स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि गिरकीच्या शेवटी ग्लायडर सोडून द्यायचे. ते तीनएक सेकंदांत जवळजवळ सरळ वर चढते, माथ्यावर रेडिओने त्याचे नाक खाली आणायचे आणि तिथून पुढे त्याची संथ घसरण सुरू होते.

माझ्या ग्लायडरचा पंख टोकापासून टोकापर्यंत १.५ मीटर आहे (एफ३के या आंतरराष्ट्रीय स्पर्धावर्गातली कमाल मर्यादा हीच आहे). पंखाचे क्षेत्रफळ ०.२१ चौरस मीटर आणि बॅटरी व अल्टिमीटरसह (उंची दाखवणाऱ्या यंत्रासह) वजन २७० ग्रॅम आहे.

हातातून सुटताना त्याचा वेग किती असतो, हे मला जाणून घ्यायचे होते. फोन १५ मीटरवर तिकाटण्यावर लावून सेकंदाला २४० फ्रेमच्या गतीने चित्रण केले. मोजपट्टी म्हणून फेकण्याआधी माझ्या जागी दोन मीटरचा बांबू आडवा धरून त्याचेही चित्रण करून ठेवले. सुटल्यानंतरच्या नऊ फ्रेम मोजल्या, तेव्हा वेग सेकंदाला २७ मीटर आला. त्याच फेकीत अल्टिमीटरने हाताच्या उंचीपासून वर ४६ मीटर दाखवले.

माझी अडचण अशी आहे की वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्वत्वरण, हा शाळेतला हिशेब केला तर २७ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकलेली वस्तू हवेचा रोध अजिबात नाही असे मानले तरी ३७ मीटरच चढेल. वरचे नऊ मीटर कुठून आले? अशा सहा फेकींत दरवेळी हाच प्रकार झाला, त्यामुळे एखाद्या फेकीची चूक म्हणून तो सोडून देता येत नाही.

बाल्सा

पहिला संशय अल्टिमीटरवर घ्यावा, असे मी म्हणेन. हे यंत्र उंची मोजत नाही, ते हवेचा दाब मोजते. कोकणपट्टीत एक मीटर चढल्यावर दाब साधारण ११ पास्कलने कमी होतो. दुसरीकडे, सेकंदाला ३० मीटरच्या वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब ५०० पास्कलच्या आसपास असतो. ग्लायडरच्या पोटात जिथे संवेदक बसवला आहे तिथे फटींमधून या दाबाचा दहावा हिस्सा जरी शिरला किंवा शोषला गेला, तरी उंचीत चार ते पाच मीटरची चूक होते.

मात्र ही चूक वेग जास्त असताना होते, म्हणजे सुटण्याच्या क्षणी. माथ्यावर वेग अगदी कमी असल्यामुळे तिथले वाचन विश्वासार्ह असते. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की आपण शून्य कुठे धरले. गिरकी सुरू असतानाचे वाचन शून्य धरले असेल तर सगळा हिशेब बिघडेल. माथ्यावर ग्लायडरला किती वेग शिल्लक होता, हेही कळवावे, कारण तिथे सेकंदाला ८ मीटर उरले असतील तर ती आणखी ३ मीटर उंचीइतकी ऊर्जा आहे.

जांभा

बाल्सा सर, शून्य मी गिरकीच्या आधी ग्लायडर खांद्याच्या उंचीवर स्थिर धरलेले असतानाच्या पाच सेकंदांच्या सरासरीवरून घेतले आहे. माथ्यावर वेग सेकंदाला ५ मीटरच्या आसपास असावा, म्हणजे जेमतेम एक मीटरभर उंचीची ऊर्जा. ती मी सोडून देतो. नाहीतरी तिने कोडे सुटत नाही, उलट वाढते.

त्रिज्या

ते अजून वाढणार आहे, कारण आतापर्यंत आपण हवेचा रोध धरलेलाच नाही. सरळ वर चढणाऱ्या वस्तूसाठी, रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो असे धरून, समीकरण अचूक सोडवता येते. प्रथम एक राशी काढू. तिला ‘क’ म्हणू.

क = हवेची घनता × रोध गुणांक × पंखाचे क्षेत्रफळ ÷ (२ × वस्तुमान)

आपल्या ग्लायडरसाठी घनता १.१५ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि रोध गुणांक ०.०११ धरला, तर क = ०.००४९ प्रति मीटर येतो. हा गुणांक चढताना पंख फारसे उत्थापन (हवेमुळे पंखावर येणारे उचलणारे बल) देत नसतानाचा आहे, घसरणीतला नव्हे. मग सुटतानाच्या वेगाचा वर्ग असा मिळतो:

वेगाचा वर्ग = (ग ÷ क) × (ई चा २ × क × उंची इतका घात − १)

येथे ‘ग’ म्हणजे गुरुत्वत्वरण आणि ‘ई’ म्हणजे नैसर्गिक लॉगरिदमचा पाया. उंची ४६ मीटर घातल्यास वेग सेकंदाला ३३.८ मीटर येतो. रोध न धरता तो ३० आला असता.

रोध गुणांक मी अनुभवावरून धरलेला आहे, त्यामुळे तो किती चुकल्यास उत्तर किती हलते हे तपासले. गुणांक ०.००९ घेतला तर ३३.१ आणि ०.०१४ घेतला तर ३४.९. म्हणजे गुणांक पाव हिश्श्याने चुकला तरी वेग फार तर मीटरभराने सरकतो. प्रत्यक्षात ग्लायडर हातातून आडवे सुटते आणि मग वर वळते, त्या वळणात उत्थापनामुळे जादा रोध होतो, म्हणून खरा आकडा याहून थोडा वरच असेल. आपल्या चित्रणातला २७ चा आकडा आणि हा ३४ चा आकडा यांत सातचा फरक आहे, आणि तो गुणांकाच्या चुकीने भरून निघणारा नाही.

बाल्सा

मग कॅमेरा तपासावा लागेल. फेकीची दिशा कॅमेऱ्याच्या दृष्टिरेषेला काटकोनात होती का? थाळीफेक पद्धतीत सुटण्याचा क्षण किंचित पुढेमागे झाला तरी दिशा बरीच बदलते. सेकंदाला तीन फेऱ्यांच्या जवळपास गिरकी असेल तर एक शतांश सेकंदाच्या चुकीने ग्लायडर दहा अंश बाजूला जाते.

जांभा

आपल्या शंकेमुळे काल मित्राला माझ्या पाठीमागे उभे करून दुसरे चित्रण केले. माझी फेक नेहमीच ठरवलेल्या रेषेच्या उजवीकडे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर, साधारण २० अंश जाते. हे मला आजवर माहीतच नव्हते. २० अंशांची कोज्या ०.९४, म्हणून २७ चे २८.७ झाले. तरीही पाच मीटरचा फरक राहतोच.

त्रिज्या

चित्रणाबाबत दोन सूचना करते. बांबूची मोजपट्टी चांगली आहे, पण ती फक्त बांबू धरला होता त्या प्रतलातच खरी असते. ग्लायडर कॅमेऱ्यापासून एक मीटर दूर सरकले की १५ मीटर अंतरावर सात टक्क्यांची चूक होते. कॅमेरा ३० मीटरवर नेऊन चित्र मोठे करून घेतल्यास ही चूक निम्मी होईल आणि कडांवरचे वाकलेपणही टळेल.

दुसरी सूचना अशी की मोजताना नाक किंवा शेपूट न धरता गुरुत्वमध्य धरावा. हातातून सुटलेले ग्लायडर पुढे जात असतानाच गिरकीच्या वेगाने स्वतःभोवती फिरतही असते आणि उभ्या शेपटाने ते फिरणे थांबेपर्यंत नाक डावीउजवीकडे झुलत राहते. त्या काळात नाकाचा वेग आणि शेपटाचा वेग वेगवेगळे असतात. गुरुत्वमध्याशी पंखावर काळ्या चिकटपट्टीची ठळक खूण केल्यास काम सोपे होईल.

झुलणे थांबेपर्यंत वाट पाहावी असे वाटेल, पण त्या वेगाला केवळ रोधामुळे दर सेकंदाला चार मीटरहून अधिक वेग कमी होत असतो, त्यामुळे दोन दशांश सेकंद थांबलात तर जवळजवळ एक मीटर प्रति सेकंद गमावाल, आणि ग्लायडर वर वळू लागले असेल तर त्याहूनही जास्त.

शीड

मी ग्लायडर उडवत नाही. मालवणकडे शिडाच्या होड्या चालवतो, म्हणून एकच प्रश्न विचारतो. आपण कोणत्या वेळी फेकता आणि वाऱ्याकडे तोंड करून फेकता का?

जांभा

दुपारी चारनंतर, कामावरून सुटल्यावर. सड्यावर त्या वेळी समुद्राकडून खारा वारा असतो आणि मी त्याच्याकडे तोंड करूनच फेकतो, कारण तसे केले की ग्लायडर जास्त चढते. हातात धरायच्या यंत्रावर वारा सेकंदाला ५ मीटरच्या आसपास दिसतो.

शीड

मग तुमचे पाच मीटर सापडले, असे मला वाटते. फोन जमिनीवर उभा आहे, म्हणून तो जमिनीच्या सापेक्ष वेग मोजतो. ग्लायडर हवेत उडते, त्याला जमीन ठाऊक नाही. सेकंदाला ५ मीटरच्या वाऱ्यात तुम्ही समोर २८.७ ने फेकलेत तर हवेच्या सापेक्ष त्याचा वेग ३३.७ आहे. होडीवर आम्हाला हे रोज अनुभवाला येते, कारण वाऱ्याच्या तोंडावर जाताना अंगावर येणारा वारा खऱ्या वाऱ्याहून नेहमीच जोरकस असतो. अल्टिमीटर आणि फोन दोघेही खरे सांगत असावेत, फक्त ते दोन वेगळ्या वेगांबद्दल सांगत आहेत.

बाल्सा

आकडा बसतो हे मान्य, पण ऊर्जेचा हिशेब मला पटत नाही आणि तो पटल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. जमिनीवर उभा राहून पाहिले तर ग्लायडरला हाताने दिलेली ऊर्जा २८.७ मीटर प्रति सेकंद वेगाचीच आहे. ती फार तर ४२ मीटर उंचीला पुरते, तेही रोध शून्य मानून. ४६ मीटरसाठीची उरलेली ऊर्जा प्रत्यक्षात कोणी दिली?

त्रिज्या

ती वाऱ्याने दिली. पंखावरचे उत्थापक बल नेहमी हवेच्या सापेक्ष गतीला लंब असते. हवा स्थिर असेल तर तीच जमिनीच्या सापेक्ष गतीही असते, आणि लंब बल कार्य करत नाही, म्हणून उत्थापनाने ऊर्जा वाढत नाही. वारा असताना या दोन गतींच्या दिशा वेगळ्या होतात. ग्लायडर वर वळत असताना जमिनीवरून पाहिले तर उत्थापक बल आता गतीला अगदी लंब राहत नाही, आणि म्हणून ते ग्लायडरवर कार्य करते. जमिनीवरच्या निरीक्षकाच्या वहीत ही ऊर्जा वाऱ्याच्या खात्यातून ग्लायडरच्या खात्यात जमा होते. वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या निरीक्षकाला मात्र असे काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ग्लायडर ३३.७ ने सुटले आणि तेवढ्या ऊर्जेने चढले. दोघांच्या वह्यांत आकडे वेगळे असतात, चढलेली उंची मात्र एकच येते.

याचा पडताळाही आहे. माथ्यावर ग्लायडरचा हवेच्या सापेक्ष वेग अगदी कमी असतो, म्हणजे जमिनीच्या सापेक्ष ते वाऱ्याबरोबर मागे सरकत असले पाहिजे. जांभा, आपल्या फेकींत तसे होते का?

जांभा

होय. बहुतेक वेळा ते माथ्यावर पोहोचते तेव्हा माझ्या डोक्याच्या मागे गेलेले असते. मी ते माझ्या एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटावरच्या फळीच्या) चुकीमुळे होते असे समजत होतो.

बाल्सा

आता पटले. मागे सरकणे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे, पण त्याचा उंचीशी असा संबंध जोडला नव्हता.

ओळंबा

चर्चा फार उपयोगी वाटली, म्हणून माझाही प्रश्न इथेच मांडतो. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांकडून बाल्सा या हलक्या लाकडाचे साधे, रेडिओ नसलेले, भालाफेकीसारखे फेकायचे ग्लायडर करून घेतो. वजन २० ग्रॅम आणि पंखाचे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मीटर असते. आमच्याकडे अल्टिमीटर नाही. दोन बांबू दहा मीटर अंतरावर रोवून त्यांच्यामधून ग्लायडर आडवे फेकायचे आणि वेळ मोजायची, असा विचार आहे. तो योग्य आहे का?

त्रिज्या

दहा मीटरचे अंतर दोन कारणांनी चालणार नाही. पहिले कारण रोध. इतक्या हलक्या ग्लायडरसाठी, रोध गुणांक ०.०३ धरल्यास, वरची ‘क’ ही राशी ०.०२६ येते, म्हणजे जांभांच्या ग्लायडरच्या पाचपटीहून अधिक. दहा मीटर जाईपर्यंत त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा वेग संपलेला असेल आणि दहा भागिले वेळ हा आकडा सुटतानाच्या वेगापेक्षा बराच कमी येईल.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते मुलांना दाखवण्यासारखेही आहे. आपले ग्लायडर सेकंदाला ६ मीटरवर सरळ घसरेल असे जुळवलेले असते. ते २० ने फेकले तर उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून वजनाच्या अकरापट होते आणि ग्लायडर वर वळून गोल फिरते. त्या गोलाची त्रिज्या काढली तर फेकीचा वेग हिशेबातून छाटला जातो आणि फक्त घसरणीचा वेग उरतो: ६ चा वर्ग भागिले ९.८१, म्हणजे ३.७ मीटर. जोरात फेकले काय किंवा हळू फेकले काय, गोल तेवढाच राहतो, फक्त तो किती पूर्ण होतो ते बदलते. ज्या ग्लायडरची वाट पावणेचार मीटर त्रिज्येने वळते ते दहा मीटर आडवे जाऊच शकत नाही.

बाल्सा

म्हणूनच उजव्या हाताने फेकणारे जुने लोक ग्लायडर उजवीकडे चांगले कलवून फेकतात. मग गोल उभा न राहता तिरका होतो, चढण उजव्या वळणाने होते आणि माथ्यावर ते आपोआप डाव्या वळणाच्या घसरणीत शिरते. सर, मुलांना ही फेक शिकवताना पंखाचे मधले जोड आधी तपासून घ्यावेत. वजनाच्या अकरापट भार पहिल्या अर्ध्या सेकंदात त्याच जोडावर येतो आणि बाल्साचे पंख मोडतात ते तिथेच.

ओळंबा

मग आम्ही वेग मोजावा तरी कसा?

त्रिज्या

हातातून सुटल्यानंतरचा पहिला दीड मीटर पुरेसा आहे. सेकंदाला १८ मीटर वेग आणि २४० फ्रेम असतील तर दर फ्रेमला साडेसात सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटरसाठी २० फ्रेम मिळतात. एका फ्रेमची चूक झाली तरी पाच टक्के. फोन सेकंदाला ३० फ्रेमच घेत असेल तर दीड मीटरसाठी दोन-तीनच फ्रेम मिळतील आणि त्यांवर विसंबता येणार नाही. हाताने थांबवायचे घड्याळ तर वापरूच नये, कारण बोटाची दिरंगाई मोजायच्या वेळेहून मोठी असते.

उंचीवरूनही अंदाज करता येईल, आणि त्यासाठी आपले नावच पुरेसे आहे: कोनमापक आणि ओळंबा. फेकणाऱ्यापासून ३० मीटरवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने माथ्याचा कोन २७ अंश मोजला तर उंची १५.३ मीटर येते. त्यात डोळ्याची उंची मिळवून हाताची उंची वजा केली की साधारण १५ मीटर चढण मिळते. रोध न धरता यावरून वेग १७ येतो, रोध धरून २१. कोनात दोन अंशांची चूक असेल तर वेग सव्वा मीटरच्या आसपास सरकतो. ग्लायडर एका बाजूला वाहत जाते म्हणून समोरासमोर दोन विद्यार्थी उभे करून सरासरी घ्यावी. चढण तिरकी असल्यामुळे वाट लांबते, त्यामुळे २१ हा आकडा खालची मर्यादा समजावा.

शीड

आणि वारा नसेल तेव्हा.

बाल्सा

क्रिकेटची स्पीड गन वापरण्याचा विचार कोणाच्या मनात येईल, म्हणून लिहितो. ती फक्त तिच्या दिशेने येणारा वेग मोजते, त्यामुळे ग्लायडर तिरके गेले की आकडा कमी पडतो. शिवाय बाल्सावरून तिचे तरंग फारसे परततही नाहीत.

त्रिज्या

जांभांच्या ग्लायडरसाठी तिसरी, स्वतंत्र पद्धत आहे आणि ती मला सर्वांत सुंदर वाटते. थाळीफेक पद्धतीत सुटण्याआधी गुरुत्वमध्य एका मोठ्या वर्तुळात फिरत असतो. शरीराच्या अक्षापासून हातापर्यंत साधारण ०.९ मीटर आणि हातापासून पंखाच्या मध्यापर्यंत, म्हणजे गुरुत्वमध्यापर्यंत, आणखी ०.७५ मीटर, अशी एकूण त्रिज्या १.६५ मीटर. कोनीय वेग गुणिले ही त्रिज्या म्हणजे सुटतानाचा वेग. भालाफेक पद्धतीत ग्लायडरला हाताइतकाच वेग मिळतो, तर इथे अर्धा पंख हाताच्या लांबीत मिळवला जातो आणि तोच हात जवळजवळ दुप्पट वेग देतो. याची किंमत बोटे मोजतात: २९ मीटर प्रति सेकंद वेगाला २७० ग्रॅमचे ग्लायडर खुंटीवर सुमारे १४ किलोच्या वजनाएवढे ओढत असते.

शेवटच्या पाव फेरीला किती फ्रेम लागतात ते मोजावे. पंख कॅमेऱ्याला पूर्ण लांबीने दिसतो त्या फ्रेमपासून तो टोकाकडून दिसतो त्या फ्रेमपर्यंत. वारा असो वा नसो, ही पद्धत जमिनीच्या सापेक्ष वेग देते, म्हणून तिची तुलना चित्रणातल्या वेगाशी करावी, उंचीशी नव्हे.

जांभा

उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मला निवांत सकाळ हवी होती. जमिनीकडून येणारा मतलई वारा पडल्यानंतर आणि खारा वारा सुरू होण्याआधी सड्यावर अर्धापाऊण तास असा मिळतो की सुकलेल्या गवताचे पाते हलत नाही. कॅमेरा ३० मीटरवर, पंखावर काळी खूण, पाठीमागे दिशा पाहायला मित्र, अशी तयारी करून सहा फेकी केल्या.

चित्रणावरून, दिशेची दुरुस्ती करून, सरासरी वेग सेकंदाला २९ मीटर आला. शेवटच्या पाव फेरीला २२ फ्रेम लागल्या, त्यावरून १.६५ मीटर त्रिज्येने २८.३ येतात. पाव फेरीत वेग वाढतच असतो आणि २२ फ्रेम ही त्या पाव फेरीची सरासरी आहे, म्हणून हा आकडा थोडा कमी येणे मला योग्य वाटते. अल्टिमीटरवर सहा फेकींची चढण ३४ ते ३७ मीटरच्या दरम्यान होती. त्रिज्या यांच्या समीकरणात २९ घालून उलटा हिशेब केला तर ३५.८ मीटर येतात.

उंची दुपारपेक्षा दहा मीटरनी कमी आली आणि तरीही मी तिथे बराच वेळ आनंदाने बसून राहिलो. साडेनऊच्या सुमारास पश्चिमेकडून पहिली झुळूक आली तेव्हा आणखी एक फेक केली. वाऱ्याच्या यंत्रावर सेकंदाला २ मीटर होते, चित्रणात वेग तोच २९, आणि अल्टिमीटरवर ३९ मीटर.

त्रिज्या

हवेच्या सापेक्ष ३१ धरून समीकरण ४० मीटर देते. कृपया त्या सातही फेकींच्या फ्रेमची मोजणी इथे द्यावी, म्हणजे ओळंबा सरांच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी वापरता येईल.

जांभा

आज रात्री तक्ता करून टाकतो.